परमुलखातली शेतकरीण

दक्षिण कोरियाच्या शेतीप्रधान प्रांतांतून वीसएक वर्षांपूर्वी ज्यांनी प्रवास केला असेल, त्यांना हमरस्त्यांच्या कडेला बांधलेले कापडी फलक आठवत असतील. व्हिएतनामच्या कुमारिकेशी विवाह करा, असे आवाहन त्यांवर ठळक अक्षरांत केलेले असे आणि ज्याला हे आवाहन करायचे त्या ग्राहकाची खातरी पटावी म्हणून, या मुली पळून जात नाहीत, अशी हमीही त्याखाली छापलेली असे. पुढे स्त्रीसंघटनांनी आवाज उठविला, व्हिएतनामी लोकांच्या भावना दुखावल्या आणि हे फलक हळूहळू उतरले; परंतु ज्या समजुतीतून ती हमी लिहिली गेली ती समजूत फलकांबरोबर उतरली नाही. शेतकऱ्याशी लग्न करून परक्या देशात आलेल्या स्त्रीने तेथे रुळावे, म्हणजे मुकाट्याने टिकून राहावे, आणि ती टिकली नाही तर दोष तिच्या स्वभावाचा, अशी ती समजूत आहे. आज आपल्याकडेही शेतकरी तरुणाला मुलगी मिळेनाशी झाली असून मुलगी दुरून आणण्याचे मार्ग उघडपणे चर्चिले जात असल्यामुळे, ज्या देशाने हा प्रयोग सरकारी खर्चाने आणि मोठ्या प्रमाणावर करून पाहिला त्याच्या अनुभवाकडे जरा बारकाईने पाहावे, असे आम्हांस वाटते.

कोरियातील शेतकऱ्यावर ही पाळी का आली, याचे उत्तर सामान्यतः गर्भलिंगपरीक्षेत शोधले जाते आणि १९९० साली त्या देशात शंभर मुलींमागे ११६ मुलगे जन्मास येत होते, हे खरेही आहे. तथापि २००५ साली जो चाळिशीचा शेतकरी वधूसंशोधनार्थ विमानात बसला तो १९६५ च्या आगेमागे जन्मलेला होता, आणि त्याच्या पिढीत मुलींचा असा तुटवडा मुळीच नव्हता. मुली होत्या, पण त्या गावात राहिल्या नव्हत्या. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या कारकिर्दीत सेऊलच्या गुरो औद्योगिक वसाहतीत आणि मासानच्या निर्यातक्षेत्रात जे कारखाने उभे राहिले त्यांनी खेड्यापाड्यांतील तरुण मुली मजुरीवर ओढून नेल्या. त्या मुलींनी पगार घरी पाठविला, धाकट्या भावांच्या शाळेचा खर्च भागविला आणि लग्ने मात्र शहरातच केली. मागे राहिला तो बहुधा थोरला मुलगा, ज्याच्या वाट्याला जमीन, वृद्ध आईबाप आणि पितरांचे वार्षिक विधी ही तिन्ही एकदम आली होती. आपली लेक शेतकऱ्याच्या घरी द्यायची नाही, हा निश्चय शहरातल्या बापाच्या आधी खेड्यातल्या आईने केला होता, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. कारण पहाटे चुलीपासून रात्री गोठ्यापर्यंत राबायचे, सणासुदीला पितरांचे नैवेद्य रांधायचे आणि पुरुष मंडळी दंडवत घालीत असता स्वयंपाकघरात उभे राहायचे, जमिनीच्या कागदावर मात्र नाव नसायचे, हे जिणे काय असते ते तिच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

म्हणजे शेतकऱ्याच्या बायकोची जागा रिकामी पडली ती, जिला ती जागा आतून माहीत होती तिनेच नाकारल्यामुळे. अशा वेळी शहाणा कारभारी त्या जागेत काय दोष आहे ते पाहतो. कोरियाने, आणि त्याच्याही आधी जपानने, जागा होती तशीच ठेवून तिला न ओळखणारे माणूस शोधले. जपानच्या यामागाता प्रांतातील आसाही या लहानशा नगराने १९८५ साली फिलिपाइन्समधून सुना आणण्याची तजवीज नगराच्या कारभारातूनच केली होती. कोरियाचे चीनशी राजनैतिक संबंध १९९२ साली प्रस्थापित झाले, तेव्हा मांचुरियाच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कोरियन वंशाच्या मुली प्रथम आल्या. त्यांची भाषा एक, तोंडवळा एक, म्हणून त्या सहज मिसळतील अशी सर्वांची अटकळ होती. १९९९ साली विवाह जुळविण्याच्या धंद्यावरील परवान्याचे बंधन उठले आणि दलालांच्या पेढ्या गल्लोगल्ली उघडल्या. मग व्हिएतनाम, फिलिपाइन्स, कंबोडिया, मंगोलिया अशी मजल वाढत गेली. २००५ साली त्या देशातील एकूण विवाहांपैकी शंभरांत सुमारे तेरा विवाह परदेशी व्यक्तींशी झाले, आणि त्याच सुमारास लग्न करणाऱ्या शेतकऱ्या-कोळ्यांपैकी शंभरांत चाळिसांच्या आसपास पुरुषांच्या बायका परदेशी होत्या. अनेक तालुक्यांच्या स्थानिक शासनांनी तर अविवाहित शेतकऱ्याला परदेशी लग्नासाठी रोख अनुदान देण्याचे नियम केले, जसे आपल्याकडे विहिरीला किंवा ठिबक सिंचनाला द्यावे तसे.

याच कोरियाच्या मुली शंभर वर्षांपूर्वी केवळ छायाचित्र पाहून हवाई बेटांवरच्या ऊसमळ्यांत राबणाऱ्या मजुरांशी लग्ने लावून समुद्रापार गेल्या होत्या, आणि तेथे उतरल्यावर छायाचित्रातला तरुण प्रत्यक्षात पन्नाशीला टेकलेला पाहून धक्क्यावरच रडल्या होत्या. राष्ट्रांच्या स्मरणशक्तीला सोयीस्कर भोके असतात, एवढेच म्हणून पुढे जाऊ.

नव्या काळातील लग्नाचा विधी यापेक्षा फारसा निराळा नव्हता. वर मंडळी दलालाबरोबर आठवड्याभराच्या सफरीवर हो ची मिन्ह नगरीत किंवा हनोईत जात. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातल्या कान्थो, दोंग थाप, विन्ह लाँग अशा भागांतून आणलेल्या मुली दाखविल्या जात. एकदोन दिवसांत पसंती, वैद्यकीय तपासणी, लग्नाचा पोषाख, छायाचित्रे आणि जेवणावळ उरकून नवरा परत फिरे, आणि मुलगी प्रवेशपत्राची वाट पाहत काही महिने माहेरी थांबे. वयांत पंधरा-सतरा वर्षांचे अंतर ही सर्रास गोष्ट होती. व्हिएतनामच्या कायद्याने धंदा म्हणून लग्न जुळविणे निषिद्ध होते, तरी निषिद्ध गोष्ट करायला अडत्यांची साखळी कोठेही मिळतेच. खर्च एक कोटी वॉनच्या घरात वा त्याहून अधिक येई, आणि तो सगळा नवऱ्याने केलेला असल्यामुळे त्याच्या व त्याच्या आईच्या मनात, उघडपणे न बोलता का होईना, एक जमाखर्च तयार होत असे. घरात आलेल्या सुनेकडे ज्या नजरेने पाहिले जाई त्या नजरेत हा जमाखर्च पहिल्या दिवसापासून असे, आणि तो पुसून टाकण्यास चांगल्या घरांनाही वर्षे लागली.

आता ही मुलगी येते कोठून, ते पाहा. ती शेतकऱ्याचीच लेक असते. मेकाँगच्या गाळावर वर्षात दोन, पुष्कळ ठिकाणी तीन भातपिके निघतात. तेथे बी बहुधा चिखलात फेकून पेरतात, कालव्यातून होडीने बाजाराला जातात, आणि थंडी म्हणून जी असते ती आपल्या कोकणातल्या पौषापेक्षा अधिक नसते. ती उतरते अशा गावात, जेथे भाताचे वर्षाला एकच पीक, मे-जूनमध्ये यंत्राने लावायचे आणि ऑक्टोबरपर्यंत कापून घ्यायचे. जेथे जानेवारीत पारा शून्याखाली दहा अंशांपर्यंत सहज उतरतो, ओढा गोठतो आणि घर तापते ते जमिनीखालून. भात तिला माहीत आहे, पण हा भात आखूड आणि चिकट. मासळीचे खारवण तिच्याही घरी रोज लागते, पण येथे ते पातेल्यात कमी आणि किमचीत जास्त. सोयाबीन आंबवून केलेल्या देन्जांगचा उग्र दर्प पहिले काही महिने तिला घराबाहेर पिटाळतो. नोव्हेंबरअखेर किमजांगचा घाट पडतो, म्हणजे साऱ्या हिवाळ्याची किमची एका दमात घालायची. शेकडो कोबी मिठात निथळत ठेवलेले, शेजारणी गोळा झालेल्या, सासू हुकूम सोडीत असलेली आणि नवी सून थंड पाण्याने बधिर झालेल्या बोटांनी पानापानांत तिखट भरीत बसलेली. युनेस्कोने २०१३ साली या किमजांगला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. त्या वारशाचा बराच भार त्या वेळी कान्थोच्या मुलींच्या मनगटांवर होता, याचा उल्लेख त्या निमित्ताने झालेल्या कौतुकात आमच्या तरी वाचनात आला नाही.

भाषेची गोष्ट याहून अवघड. सरकारी पुस्तकात शिकवली जाते ती सेऊलची प्रमाण भाषा, सासू बोलते ती जोल्ला किंवा ग्योंगसांगची बोली. त्यामुळे वर्गात पहिली आलेली सून स्वयंपाकघरात पुन्हा मुकी होते. शिवाय कोरियन क्रियापदाला समोरच्याच्या मानाप्रमाणे रूप बदलावे लागते. नवरा बायकोशी ज्या एकेरी थाटात बोलतो तेवढेच तिच्या कानी पडत असल्यामुळे ती तेच उचलते आणि सासऱ्याला, गावच्या पुढाऱ्याला, शाळेतल्या मास्तरांना तसेच संबोधते. मग उद्धट म्हणून बोल लागतो तो तिला, ज्याने तसे शिकविले त्याला नव्हे. पुष्कळ घरांत मुलाशी व्हिएतनामी बोलण्यास तिला बंदी होती, कारण पोराचे कोरियन बिघडेल अशी भीती. परिणाम असा झाला की ज्या वयात मूल आईच्या तोंडून भाषा घेते त्या वयात त्या मुलांना आईकडून मिळाली ती तिची तुटकी कोरियन, आणि शाळेत ती मागे पडली तेव्हा दोषही आईकडेच आला. ही चूक ध्यानात येऊन आईच्या भाषेला उत्तेजन देण्याचे कार्यक्रम सुरू झाले खरे, परंतु तोवर एक पिढी शाळेत जाऊन बसली होती.

कोरियन सरकारने हात बांधून पाहत राहणे पत्करले नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. २००८ साली त्याने बहुसांस्कृतिक कुटुंबांना साहाय्य करणारा स्वतंत्र कायदा केला, जवळजवळ प्रत्येक तालुक्याला साहाय्यकेंद्र दिले आणि ज्या सुनेला शेतावरून वा तान्ह्या मुलापासून हलता येत नाही तिच्या घरी शिक्षिका पाठविण्याची व्यवस्था केली. शेतकऱ्यांच्या सहकारी महासंघाने या स्त्रियांना शेतीचे प्रशिक्षण आणि माहेरच्या प्रवासाचा खर्च दिला. आपल्या देशात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात लग्न होऊन गेलेल्या मुलीसाठी कोणत्या जिल्हाधिकाऱ्याने यातले काही केले आहे? तरीही त्या केंद्रांच्या आरंभीच्या कार्यक्रमपत्रिका पाहिल्या तर शिकवायचे काय, तर किमची घालणे, हानबोक हा पारंपरिक पोषाख नेसणे, वडीलधाऱ्यांना रीतसर नमस्कार करणे; आणि वर्षाअखेरीस सासू-सासऱ्यांची उत्तम सेवा करणाऱ्या परदेशी सुनेचा जाहीर सत्कार. जिने या सेवेला कंटाळून गाव सोडले त्या स्थानिक मुलीला हा सत्कार कधी कोणी देऊ केला नव्हता, आणि दिला असता तरी ती तो घ्यायला परत आली नसती. नवऱ्याने चार शब्द व्हिएतनामी शिकावेत, सासूने सुनेच्या हातचा एखादा पदार्थ खाऊन पाहावा, याला त्या पत्रिकेत फारच थोडी जागा होती.

२००७ साली चोनान शहरात एकोणीस वर्षांच्या व्हिएतनामी नववधूला तिच्या नवऱ्याने मारून टाकले. तो शेतकरी नव्हे, बांधकामावरचा मजूर होता, पण लग्नाची तऱ्हा तीच. मरणापूर्वी तिने आपल्या भाषेत नवऱ्याला लिहिलेले एक पत्र सापडले, जे त्याला वाचता येण्यासारखे नव्हते. त्यात तक्रारी असल्या तरी पत्राचा गाभा असा की कामावरून आल्यावर तुम्ही काय खाल्ले, प्रकृती कशी आहे, झोप लागली का, हे विचारण्याची माझी इच्छा आहे आणि तुम्ही मला बोलायला शिकू देत नाही. देजॉनच्या उच्च न्यायालयाने पुढल्या वर्षी बारा वर्षांची सजा कायम केली, तेव्हा निकालपत्रात या पत्राचा आधार घेऊन न्यायाधीशांनी आपल्या समाजाच्या रानटीपणाविषयी जे लिहिले ते त्या देशात फार गाजले. २०१० साली बुसानमध्ये आणखी एक नववधू कोरियात आल्यापासून आठव्या दिवशी मारली गेली, तिच्या नवऱ्याच्या मनोविकाराची माहिती तिला कोणी दिलेली नव्हती. त्यानंतर कोठे ठरावीक देशांतील मुलीशी लग्न करू इच्छिणाऱ्या पुरुषाला आधी सरकारी वर्गास हजर राहण्याची सक्ती आली, आणि २०१४ पासून किमान उत्पन्नाची व परस्परांना समजेल अशा भाषेची अट घातली गेली. कंबोडियाने तर २०१० मध्ये कोरियन पुरुषांशी होणारे विवाह काही काळ थांबवूनच टाकले होते.

परंतु खून, मारहाण या अपवादात्मक प्रसंगांवरून सगळ्या संसारांचा निवाडा करणे बरोबर होणार नाही. बहुसंख्य संसार साधे, कष्टाचे आणि निभावून नेलेले असतात. आमचा रोख त्याहून साध्या आणि नित्याच्या गोष्टीकडे, म्हणजे दफ्तराकडे आहे. १९९८ पूर्वी कोरियन पुरुषाशी लग्न झालेली परदेशी स्त्री आपोआप कोरियन नागरिक होत असे. त्या साली राष्ट्रीयत्वाचा कायदा सुधारून स्त्रीपुरुषांना समान पातळीवर आणण्यात आले आणि परदेशी जोडीदार, मग तो नवरा असो वा बायको, दोन वर्षे देशात राहिल्यावरच नागरिकत्वाचा अर्ज करू शकेल, असे ठरले. समानतेच्या नावाने झालेल्या या सुधारणेचा पहिला भार खेड्यातल्या सुनेवर पडला, हा इतिहासातला एक वक्र विनोद म्हणावा लागेल. कारण ती दोन वर्षे तिचा मुक्काम नवऱ्याच्या मर्जीवर लटकू लागला. मुदत वाढवून घ्यायची तर त्याचे हमीपत्र लागे, आणि रागाच्या भरात तो ते मागे घेऊ शके. रात्री भांडण झाले की सकाळी कचेरीत जाऊन तुझा कागद रद्दबातल करतो, ही धमकी पोकळ नव्हती. ही हमीपत्राची सक्ती २०११ च्या अखेरीस उठली, तरी नवरा सोबत आल्याशिवाय काम पुढे सरकत नाही हा अनुभव त्यानंतरही अनेकींना आला.

याहून विलक्षण गोष्ट घरपत्रकाची. शाळा, दवाखाना, बँक जेथे जावे तेथे कोरियात कुटुंबाच्या निवासनोंदीचा उतारा मागतात. आणि त्या उताऱ्यात परदेशी बायको कुटुंबाची सदस्य म्हणून २०१८ च्या मार्चपर्यंत आपोआप दिसतच नसे. खास अर्ज करून तिची नोंद करवून घ्यावी लागे. ती केली नसेल तर कागद वाचणाऱ्यास वाटावे की या घरात बाप आहे, मुले आहेत, आई नाही. जिने दहा वर्षे त्या घरची किमची घातली, मिरच्या खुडल्या, सासूचे अंथरूण काढले, तिचा त्या घराशी काय संबंध हे सरकारी उताऱ्यावरून शाबीत करता येत नसे. घटस्फोट झाल्यास देशात राहण्याचा हक्क टिकवायचा तर दोष नवऱ्याचा असल्याचे पुराव्यानिशी दाखवावे लागे, आणि कचेऱ्या या नियमाचा अर्थ असा लावीत की यत्किंचितही दोष बायकोकडे असता कामा नये. शेवटी २०१९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, मुख्य जबाबदारी कोरियन जोडीदाराची असली म्हणजे पुरे, असा निवाडा दिला. शेताच्या नोंदणीतही असेच. शेतकरी कुटुंबातील स्त्री ही बिनपगारी मदतनीस समजली जाई. २०१६ पासून तिला सहव्यवस्थापक म्हणून नोंद करवून घेता येऊ लागली, आणि त्यासाठी लागणारी नवऱ्याची संमती आणखी दोन वर्षांनी काढून टाकण्यात आली. ही शेवटची सुधारणा केवळ परदेशी सुनांसाठी नव्हती, साऱ्याच शेतकरी स्त्रियांसाठी होती; आणि नेमके म्हणूनच आम्ही तिला किमचीच्या सर्व वर्गांहून अधिक मोल देतो. गावच्या मुलीने जी जागा नाकारली होती तिच्यातला दोष येथे प्रथमच कोणीतरी कागदावर दुरुस्त केला.

यावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. कागद हाती पडताच निघून जाणाऱ्या बायका झाल्या, दलालांनी फसविलेले पुरुष झाले, जन्मभराची पुंजी लग्नावर लावून महिन्याभरात पुन्हा एकटा पडलेला साठीचा शेतकरी हाही करुणेचाच विषय आहे. नोंदी सैल केल्या तर खोट्या लग्नांना ऊत येईल, असे सेऊलमधील अधिकारी म्हणत आले. पण या युक्तिवादात एक गृहीत दडले आहे. बाईला जखडून ठेवणारा कागद संसार टिकवतो, असे ते गृहीत आहे, आणि वीस वर्षांच्या अनुभवाने त्याला आधार मिळालेला नाही. टिकलेले संसार पाहावेत तर त्यांत सासूबरोबर बाजारात स्वतःच्या नावाने भाजी विकणारी, शेतकऱ्यांच्या सहकारी पतपेढीत स्वतःचे खाते असणारी, वाहन चालविण्याचा परवाना काढलेली सून वारंवार भेटते. खेड्यात परवाना ही लहान गोष्ट नव्हे. जिला गाडी चालविता येते तिला आजारी मुलाला घेऊन रुग्णालयात जाण्यासाठी कोणाच्या फुरसतीची वाट पाहावी लागत नाही.

या कहाणीला अलीकडे लागलेले वळण कोणा योजनाकाराच्या कल्पनेत आले नसेल. कोरियन शेतीला बायकांइतकाच मजुरांचाही तुटवडा असल्यामुळे परदेशी हंगामी मजूर आणण्याची योजना २०१७ पासून रीतसर अंमलात आली. आणि त्यात एक मार्ग असा ठेवला गेला की परदेशी सुनेने आपल्या माहेरच्या नातेवाइकांना, अगदी चुलत-मावस भावंडांपर्यंत, काही महिन्यांकरिता शेतकामास बोलवावे. ज्या बाईला पंधरा वर्षांपूर्वी एकटीने विमानातून उतरविले होते तीच आता आपल्या भावाला, वहिनीला, मेहुण्याला बोलावून गावातल्या पाच घरांच्या मिरच्या खुडून देते. मजूर कोणाच्या शब्दावर येणार हे गावाला कळले, आणि सासऱ्याच्या ओसरीवर तिला विचारल्याखेरीज हंगाम ठरेनासा झाला. तिला सन्मान मिळाला तो आदर्श सून म्हणून नव्हे, गावाला तिच्यावाचून अडले म्हणून. आमच्या मते यात खंत करण्यासारखे काही नाही, कारण शेतकऱ्याच्या ओसरीवर पुरुषालाही मान मिळतो तो याच कारणासाठी.

आता आपल्या घरी येऊ. २०२२ च्या डिसेंबरात सोलापूर शहरात ज्योती क्रांती परिषदेच्या वतीने अविवाहित तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला आणि आम्हांला मुली मिळवून द्या, गर्भलिंगनिदानाचा कायदा कडक राबवा, अशी मागणी केली. वृत्तपत्रांनी त्याची गंमत केली. गंमत करण्यासारखे त्यात थोडेच होते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटातील हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या आणि बीड जिल्ह्यात ८०७. कोरियात जी दोन कारणे एकापाठोपाठ आली ती आपल्याकडे एकाच वेळी आली आहेत. मुली जन्मालाही कमी येत आहेत, आणि ज्या येतात त्यांच्या आया, कोरियन आईप्रमाणेच, शेतकरी जावई नको म्हणत आहेत. जावई तलाठी चालतो, कंपनीत कंत्राटी चालतो, पाच एकर बागायतीचा मालक चालत नाही. याला मुलींचा चंगळवाद म्हणून हिणविण्याची एक रीत पडली आहे, पण ज्या आईने स्वतः वीस वर्षे पाण्याची पाळी, धारा आणि खुरपणी केली, आणि सातबाऱ्यावर नाव आले ते नवरा गेल्यावर वारसाच्या फेरफाराने, तिचा नकार हा अनुभवाचा दाखला आहे. हरयाणाने बंगाल, आसाम, बिहारमधून सुना आणून पाहिल्या. त्यांना तेथे 'पारो' (पलीकडून आलेली) आणि 'मोलकी' (मोल देऊन आणलेली) अशी जी नावे पडली त्यांवरूनच त्या घरांतला जमाखर्च कळून येतो.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा मुळापासून विचार झालेला नाही असे नाही. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचे जे महिला अधिवेशन भरले त्यात शेतकऱ्याच्या बायकोची स्थिती हाच विषय ऐरणीवर आला, आणि पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम मांडला. ज्या गावातले शंभर शेतकरी आपल्या जमिनीचा काही हिस्सा स्वखुशीने बायकोच्या नावावर करतील ते गाव लक्ष्मीमुक्त समजावे, असा तो कार्यक्रम होता आणि शेकडो गावांनी तो अंमलात आणला. त्या नवऱ्यांना कोणी सक्ती केली नव्हती, अनुदानही दिले नव्हते. मग १९९४ साली राज्याने आणि २००५ साली केंद्राने मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलासारखा वाटा दिला. पण बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याचा परिपाठ ज्या घरांत निमूटपणे चालतो, त्याच घरांतले भाऊ आज मुंडावळ्या बांधून मुलगी मागत आहेत, हे आपण एकदा मोकळेपणाने बोलून टाकावे.

ज्यांना मुलगी परराज्यातून वा परदेशातून आणायची असेल त्यांनी ती आणावी; दोन सज्ञान माणसांच्या विवाहास आमची हरकत असण्याचे कारण नाही. पण जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदन घेऊन जाणाऱ्या तरुणाने वाटेत तलाठ्याच्या दफ्तरातही डोकवावे, आणि लग्नाचा दाखला हातात पडेल त्या महिन्यातच पत्नीचे नाव जमिनीला लागेल असा दस्त करून ठेवण्याची कबुली लग्नाच्या बोलणीत, आपण होऊन, घालावी. पत्नीस बक्षीसपत्राने शेतजमीन देण्याचे मुद्रांकशुल्क आपल्या राज्यात नाममात्र आहे, त्यासाठी मोर्चा लागत नाही आणि कोणा मंत्र्याची भेटही लागत नाही. बायको मेकाँगच्या काठची असो की शेजारच्या तालुक्यातली, तिला आणि तिच्या आईला ही बोलणी नीट समजतील.